सात ते नऊ: सोलापूरच्या थंडीत खिशातल्या कॅमेऱ्यानं क्लोजअप

सोलापूरची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. साडेनऊला स्वेटर कमरेला, साडेअकराला उसाच्या रसाची गाडी. बाहेरगावचे पाहुणे तिला थंडी म्हणायलाही तयार नसतात. पण पानाफुलांचे, किड्यामुंग्यांचे अगदी जवळून फोटो काढायचे असतील, तर वर्षातले हेच दोन-अडीच महिने कामाचे. त्यातही सकाळी सात ते नऊ.

कारण साधं आहे. बहुतेक किड्यांना अंगात ऊब धरून ठेवता येत नाही. रात्रभर गारठलेला चतुर किंवा फुलपाखरू अंगावर ऊन पडून स्नायू तापेपर्यंत उडत नाही, पाय हलवायचाही कंटाळा करतं. आणि आपला कॉम्पॅक्ट कॅमेरा? तो फोकस लावायला वेळ घेतो, वर भिंग किड्याच्या तोंडाशी न्यावं लागतं. एरवी तेवढ्यात किडा भुर्र होतो आणि माणूस कॅमेऱ्याला नावं ठेवतो. थंडीत किडा बसून राहतो, त्यामुळे हळू कॅमेरा चालून जातो. म्हणून महागडी मॅक्रो लेन्स घ्यायचा विचार चालला असेल, तर आधी एक हिवाळा कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्यावर काढा. मी तीन काढले.

पुढे लिहिलंय ते सगळं या दोन तासांसाठी.

आदल्या रात्री: कॅमेरा मोजून घ्या

हे काम कुणी करत नाही आणि सगळी चिडचिड इथूनच सुरू होते. मुलांच्या कंपासातली फूटपट्टी टेबलावर ठेवा, वरून चांगला दिवा लावा. कॅमेऱ्यावर छोट्या फुलाचं चिन्ह असतं, तो मॅक्रो मोड सुरू करा. झूम अजिबात करू नका. आता कॅमेरा पट्टीजवळ नेत राहा आणि शटरचं बटण अर्धं दाबून फोकस लागतो का बघा. हिरवी चौकट येणं थांबेल ती तुमच्या कॅमेऱ्याची हद्द. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये ती एक ते पाच सेंटीमीटर असते. तिथं एक फोटो काढा आणि फोटोच्या चौकटीच्या रुंदीत पट्टीचे किती मिलिमीटर मावले ते मोजा.

मग झूम एक टप्पा वाढवा आणि पुन्हा तेच. इथं बहुतेकांना धक्का बसतो. झूम वाढवला की फोकसची हद्द झपाट्यानं लांब जाते. माझ्या कॅमेऱ्यात झूम न करता एक सेंटीमीटर, पूर्ण झूमला जवळपास एक मीटर. म्हणजे 'झूम केला की जवळचं दिसतं' हे क्लोजअपमध्ये बहुधा उलटं असतं. कोणत्या टप्प्यावर चौकटीत सगळ्यात कमी मिलिमीटर मावतात, तो तुमचा टप्पा. तो कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पाऊचमध्ये टाका.

हा आकडा रानात फार कामाला येतो. चौकटीत तीस मिलिमीटर मावत असतील तर सात ठिपक्यांचा ढालकिडा (इंग्रजीत लेडीबर्ड), जो सात-आठ मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो, चौकटीच्या रुंदीचा पाव भाग भरेल. बास, छान फोटो. मावा, म्हणजे पिकाचा रस पिणारा किडा, दोनेक मिलिमीटरचा, तो ठिपकाच दिसणार. त्याच्यामागं अर्धा तास घालवायचा की नाही हे आधीच ठरतं.

ज्यांना आणखी मोठं हवं त्यांच्यासाठी क्लोजअप लेन्स असते, म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढं लावायचं बहिर्गोल भिंग. त्यावर प्लस चार, प्लस आठ असे आकडे असतात. शंभरला त्या आकड्यानं भागलं की किड्यापासून किती सेंटीमीटरवर उभं राहायचं ते साधारण मिळतं: प्लस चारला पंचवीस, प्लस आठला साडेबारा. ही भिंगं झूम वाढवूनच वापरायची. फायदा असा की तोंडाशी जावं लागत नाही आणि कॅमेऱ्याची सावली पडत नाही. अडचण अशी की बऱ्याच कॉम्पॅक्टना पुढं आटे नसतात, मग नळीसारखा अडॅप्टर शोधावा लागतो. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग बोटांनी धरूनही काम होतं. कडा धूसर येतात, पण मधला भाग खासा येतो. मी पहिलं वर्ष असंच काढलं.

पिशवीत काय टाकायचं

आईच्या जुन्या ब्लाउजपीसची वीतभर पिशवी शिवून घ्या आणि तिच्यात अर्धी-पाऊण ज्वारी भरा. जमिनीवर, बांधावर, दगडावर ही पिशवी ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा रुतवायचा. छोट्या फुलांच्या उंचीवर ट्रायपॉड जातच नाही, ज्वारी मात्र कुठंही बसते. शेंगदाणे भरू नका, तेल सुटतं. (आणि निम्मे परत येत नाहीत.)

बाकी सामान किरकोळ. आंथरायला पोतं, कारण पोटावर झोपायचंच आहे. पांढऱ्या जाड कागदाचा किंवा थर्माकोलचा वहीएवढा तुकडा. बटर पेपर. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे आणि एक बारीक काठी. रबरी फुंकणी. चष्मा पुसायचं कापड. जास्तीची बॅटरी, कारण स्क्रीन सतत चालू राहतो. आणि बूट. चप्पल घालून ज्वारीत शिरू नका. आपल्याकडं माळावर फुरसं आणि पिकात घोणस, दोन्ही आहेत. सकाळच्या गारठ्यात सापही सुस्त असतो, वाटेतून बाजूला होत नाही. हात घालण्याआधी काठी घाला.

जागा: दंव कुठं पडतं ते बघा

सोलापूरची हवा कोरडी. शहराबाहेरच्या उघड्या माळावर सकाळी गेलात तर गवत कोरडं ठाक मिळेल आणि वाटेल दंवाचे फोटो म्हणजे कोकणातल्या लोकांचं काम. तसं नाही. दंवाला तीन गोष्टी लागतात: निरभ्र रात्र, पडलेला वारा आणि जवळपास ओल. पहिल्या दोन आपल्याकडं जानेवारीत मुबलक. तिसरीसाठी पाण्याशेजारी जायचं. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव आणि त्याच्या भोवतीची बागायत, होटगीच्या तलावाकडची रानं, किंवा जिथं आदल्या दिवशी गव्हाला नाहीतर हरभऱ्याला पाणी दिलंय असं कुणाचंही शेत. शहरातच राहायचं असेल तर विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव आणि त्याच्या बाजूचं स्मृती उद्यान. रात्री दहाला गच्चीवर जाऊन बघा. चांदण्या स्वच्छ दिसतायत आणि वाळत घातलेला टॉवेल हलत नाही, तर गजर लावा. आभाळ असेल तर सरळ झोपा.

शेतात शिरायच्या आधी विचारायचं. एवढ्या सकाळी कुणी अनोळखी माणूस हरभऱ्यात पालथा पडलेला दिसला तर शेतकऱ्याला काय वाटेल? मला एकदा बांधावरून आवाज आला होता, "काय हुडकायलाव वो सर, काय पडलं का?" मी ढालकिड्याचा फोटो दाखवला. काका म्हणाले, "ह्ये व्हय! ह्यो तर आमचा गडी हाय, मावा खातोय." मग त्यांनीच मला बांधाकडची करडई दाखवली, जिथं काळा मावा नुसता थापला होता. विचारताना आणखी एक विचारा: कालपरवा फवारणी झालीय का. झाली असेल तर तिथं पोटावर झोपायचं नाही, आणि किडेही मिळणार नाहीत.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालेलं. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय गवतात उतरायचं नाही. क्लोजअपसाठी तिथं जायची गरजही नाही. रुईचं एक झुडूप, ढालकिड्यानं भरलेला एक बांध, एवढं कुठल्याही कच्च्या रस्त्याला मिळतं.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं

जानेवारीत सोलापूरला सूर्य सातच्या आसपास उगवतो. पावणेसातला जागेवर असा आणि कॅमेरा बाहेर काढू नका. नुसतं चाला, हळू, उन्हाकडं तोंड करून. उगवतीच्या समोरून पाहिलं की जाळी, दंव, पंखांच्या कडा चमकतात. तेच पाठीवर ऊन घेऊन चाललात तर काहीच दिसत नाही. चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सुईसारख्या बारीक अंगाचे किडे) गवताच्या काडीला उभ्या लटकलेल्या असतात. फुलपाखरू पंख मिटून पानाखाली असतं आणि वाळक्या पानासारखंच दिसतं. दोन-तीन ठिकाणं हेरून ठेवा आणि ऊन आधी कुठं पोचेल त्या क्रमानं सुरू करा. जिथं ऊन आधी पोचतं तिथला पाहुणा आधी उडतो.

जवळ जाताना सरळ चालत जाऊ नका. गुडघ्यावर बसा, मग पोतं टाका, मग पोटावर. पाठीमागून आलेली सावली किड्यावर पडली तर गारठलेला किडासुद्धा काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. टाचणी तर हमखास. ती सरकली तर तुम्ही मागं पळू नका. काडीच्या पलीकडं बोट धरा, ती परत अलीकडं येते.

सेटिंग

इथं मी थोडक्यात सांगतो, कारण लोक सेटिंगमध्ये अडकून सूर्य वर आणतात.

फ्लॅश बंद. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, सूर्याच्या चिन्हावर, ऑटोवर नाही. ऑटो त्या सकाळच्या पिवळसर उजेडाला 'दुरुस्त' करून दुपार करून टाकतो. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, छोट्या सेन्सरला (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) १०० ते ४००, एक इंची सेन्सर असेल तर ८०० पर्यंत हरकत नाही. अॅपर्चर (भिंगातलं छिद्र किती उघडायचं ते) हातात देणारा कॅमेरा असेल तर एफ ४ च्या आसपास; आकडा मोठा तसं छिद्र लहान. मोठ्या कॅमेऱ्याची पुस्तकं वाचून एफ ८ लावू नका. एवढ्याशा सेन्सरला तिथं प्रकाश छिद्राच्या कडेला फाकतो आणि सगळा फोटोच किंचित मऊ होतो. शटरचा वेग २५० च्या वर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा जलद, राहील एवढं बघा. फोकसची चौकट मधोमध आणि छोटी. एक्स्पोजरचं, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं, प्लस-मायनस चिन्ह कुठं आहे ते अंधारातही सापडलं पाहिजे, कारण सकाळभर तेच एक बटण वापरायचं आहे. करडईचं पिवळं-केशरी फूल वजा अर्ध्यावर घ्या, नाहीतर पाकळ्या सपाट पिवळा डाग होतात. उन्हासमोरचं दंव वजा एकवर. उजळ धुक्यात राखी दिसणारं गवत मात्र अधिक अर्ध्यावर.

फोकस

छोट्या सेन्सरला फोकसची खोली जास्त मिळते, असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. पण अगदी जवळच्या हद्दीवर तीही जेमतेम मिलिमीटरभर उरते. ढालकिड्याचा डोळा स्वच्छ आणि ठिपके धूसर, हे चालतं. उलटं चालत नाही.

कॅमेऱ्याला पुन्हापुन्हा फोकस शोधायला लावू नका. एकदा बटण अर्धं दाबून फोकस अडकवा आणि मग स्वतः पुढं-मागं व्हा. कोपर जमिनीवर, ज्वारीच्या पिशवीवर कॅमेरा, आणि श्वास सोडत सोडत अंग एखादा मिलिमीटर पुढं. एका मागोमाग फोटो काढायचा बर्स्ट मोड लावून आठ-दहा घ्या, त्यातला एक बरोबर बसतो. काही कॅमेऱ्यांमध्ये वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून आपोआप एकत्र करायची सोय असते. ती थंडीतल्या गारठलेल्या किड्यावर छान चालते, पण काडी हलली की एका किड्याला चार मिशा होतात.

कॅमेरा फोकस मागच्या गवतावरच टाकतोय? मग किड्याच्या शेजारी, त्याच अंतरावर तुमचं बोट धरा, बोटावर फोकस अडकवा आणि बोट काढा. इतका साधा उपाय, पण मला दुसऱ्या वर्षी सुचला.

श्वासाचं एक. पहिल्या वर्षी मी हरभऱ्यावरच्या दंवाचे पन्नासेक फोटो काढले आणि घरी बघतो तर सगळ्यांवर मलमल पांघरल्यासारखी. मला वाटलं भिंगात बुरशी. नंतर कळलं, माझंच तोंड. भिंग पानापासून एका सेंटीमीटरवर, माझं नाक कॅमेऱ्यामागं, आणि गारठ्यात सोडलेला गरम श्वास पुढं जाऊन थंड भिंगावर बसत होता. आता मी रुमाल नाकावर बांधतो, ट्रॅफिकमध्ये स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा. श्वास खाली हनुवटीकडं जातो. भिंग धुकटलंच तर पुसू नका, शर्टाची बाही तर अजिबात नको. अर्धा मिनिट थांबा, आपोआप जातं. आणि कॅमेरा गवतावर नुसता ठेवून चहा प्यायला जाऊ नका. उघड्या आभाळाखाली तोही गवतासारखाच गार होतो आणि त्याच्यावरही दंव पडतं.

थेंब

आता जरा रेंगाळू या, कारण थंडीतला सगळ्यात मोठा ऐवज हाच.

गव्हाच्या किंवा कोवळ्या ज्वारीच्या पात्याच्या अगदी टोकावर सकाळी एक मोठा, गोल, टपोरा थेंब असतो. तो बहुतेक वेळा दंवाचा नसतोच. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पान मात्र ते बाष्प करून सोडत नाही, मग जास्तीचं पाणी पात्याच्या टोकातून बाहेर येतं. दंव म्हणजे पात्यावर सगळीकडं बसलेली बारीक साय. दोन्हींचे फोटो वेगळे निघतात. सायीसाठी ऊन समोरून आणि कडेनं घ्या. टोकावरचा थेंब मात्र स्वतःच एक भिंग असतो.

त्या थेंबाच्या मागं, वीतभर अंतरावर, एखादं फूल येईल असं झोपा. थेंबात ते फूल उलटं दिसेल. कॅमेरा थेंबाच्या कडेवर फोकस करायला बघतो आणि फूल धूसर येतं. याचं कारण असं की ती उलटी प्रतिमा थेंबाच्या आत नसते, थेंबाच्या किंचित अलीकडं, आपल्या बाजूला तयार होते. म्हणून कडेवर फोकस अडकवा आणि मग कॅमेरा केसभर मागं घ्या. थेंबाची कड जराशी मऊ होईल, आतलं फूल कोरून ठेवल्यासारखं दिसेल. बांधावर पिवळी करडई, तिच्या अलीकडं गव्हाचं एक पातं: अशी जोडी शोधायला माझी एक अख्खी सकाळ गेली होती, आणि त्या सकाळचा एकच फोटो मी ठेवला.

फवारा मारून खोटे थेंब करतात, काही जण ग्लिसरीन मिसळतात. मला ते पटत नाही. खरे थेंब पात्याच्या शिरांवर रांगेत बसतात, फवाऱ्याचे कुठंही. बघणाऱ्याला कळतं. किडा फ्रीजमध्ये ठेवून मग फोटो काढणं हा तर सरळ छळ आहे. थंडीनं तेच काम फुकट केलंय की.

हरभरा वेगळा. त्याच्या पानांवर, घाट्यांवर बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक आंबट थेंब. जुनी माणसं रात्री हरभऱ्यावर फडकं आंथरून सकाळी पिळून आंब काढायची, ती हीच. दंव नसलेल्या सकाळीसुद्धा हे थेंब मिळतात, म्हणून कोरड्या दिवसाचा माझा ठरलेला पर्याय हरभरा. उन्हासमोर घाटा धरला की त्याच्याभोवती काचेच्या टाचण्या टोचल्यासारख्या दिसतात. फक्त एक सांभाळा: ही आंब आम्ल आहे. हाताला, ओठांना चुरचुरते. भिंगाला लागली तर घरी नेऊन पुसू म्हणू नका, तिथंच ओलसर कापडानं टिपून घ्या.

जाळं, करडई, रुई

कोळ्याचं जाळं समोरासमोर, अगदी सपाट धरून काढायचं. कॅमेरा जाळ्याला समांतर नसेल तर अर्धं जाळं फोकसमधून जातं. मागं सावलीतली झाडी किंवा काळी जमीन येऊ द्या. मागं उजळ आभाळ असेल तर दंवाची माळ दिसतच नाही. कॅमेरा अशा जाळ्यावर फोकस धरत नाही, तो आरपार बघतो. मधोमध कोळी बसला असेल तर त्याच्यावर अडकवा. नसेल तर मघाशी सांगितलेलं बोट.

करडई काटेरी, म्हणून लोक टाळतात. पण फुलाच्या खालच्या काटेरी पेल्यात, जिथं काळा मावा बसतो, तिथं सकाळी अख्खं नाटक चालू असतं. मावा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटायला येतात, ढालकिडा आणि त्याची राखाडी-काळी, सुसरीसारखी अळी मावा खातात. बरेच जण त्या अळीला नवीन कीड समजून चिरडतात. फोटो काढा आणि शेतमालकाला दाखवा, पुण्य लागेल. इथं एकाच देठावर बसून तासभर काढला तरी कंटाळा येत नाही. खालून वर बघत काढा, म्हणजे मागं आभाळ आणि काट्यांची किनार.

रुई रस्त्याकडेला कुठंही मिळते आणि कोरड्या माळावरही हिरवी असते. फुलाच्या मधला मुकुट जवळून बघा, कारागिरानं मेणात ओतल्यासारखा. कोवळ्या शेंड्यावर काळ्या पायांचा पिवळाधमक मावा असतो, तो रंगामुळं छोटा असूनही फोटोत उठतो. पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडली तर ती बिबळ्या कडवा फुलपाखराची. पान मोडू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि क्लोजअप करणाऱ्याचा डोळा नेमका तिथंच असतो. हात लागला तर धुतल्याशिवाय डोळा चोळायचा नाही.

ज्वारीचं कणीस फुलोऱ्यात असेल, म्हणजे साधारण डिसेंबरात, तर ते वरून खाली फुलत येतं. त्यामुळे आज परागकोश कुठंपर्यंत लोंबतायत त्यावरून उद्या कुठं कॅमेरा लावायचा ते कळतं. सकाळी मधमाश्या परागावर येतात. त्या थांबत नाहीत, त्यांच्या मागं लागू नका. हुरड्याच्या दिवसांत मात्र कणसाचा दाणा जवळून काढा, एकेका दाण्यावर वाळलेल्या फुलाचे दोन धागे चिकटलेले असतात. तो दाणा नंतर खायचाच आहे.

वारा आणि सावली

आठच्या पुढं झुळूक सुरू होते. जवळून बघताना तिचं वादळ होतं. काठी जमिनीत रोवा, तिला एक चिमटा, आणि दुसऱ्या चिमट्यानं देठ अलगद धरा, फुलापासून वीतभर खाली. दाबून धरलं तर देठ चेपतो, म्हणून चिमट्याच्या तोंडाला कापडाची पट्टी बांधलेली बरी. तरीही हलत असेल तर वाट बघा. झुळुकेच्या दोन हेलकाव्यांच्या मधे देठ क्षणभर थांबतो, तेवढ्यात बटण.

एका सेंटीमीटरवर काम करताना कॅमेराच ऊन अडवतो. सकाळी हा त्रास कमी, कारण तिरपं ऊन भिंगाखालून आत शिरतं. हिवाळ्याचा हा आणखी एक फायदा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर बारालाही सूर्य साधारण ४९ अंशांवरच असतो. मे महिन्यात तो डोक्यावर येतो आणि फुलाच्या पोटात काळोख होतो. म्हणून थंडीत दुपारीही काम करता येतं, फक्त थोडी सोय करावी लागते. फुलाच्या आणि उन्हाच्या मधे बटर पेपर धरला की ऊन मऊ होतं, आणि सावलीच्या बाजूनं पांढरा कागद धरला की काळा भाग उजळतो. दोन हात कमी पडतात. मी भाच्याला बरोबर नेतो, त्याला वाटेत भजी कबूल केलेली असतात.

फ्लॅश मी जवळपास वापरत नाही. एवढ्या जवळून भिंगाच्या नळीचीच सावली फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पडते. वापरायचाच असेल तर फ्लॅशपुढं दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा धरा आणि झूम वाढवून थोडं लांबून काढा.

धूळ

सोलापूरची धूळ आणि कॉम्पॅक्टची आतबाहेर होणारी नळी, यांचं जुनं वैर आहे. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, मी कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडलो, सारखा चालू-बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी नळी अर्ध्यावर अडकली. दुरुस्तीवाल्यानं तीन आठवडे ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा आत नवीन एक केस होता. तेव्हापासून नियम केला: ट्रॅक्टर जात असेल, मळणी चालू असेल, तर कॅमेरा बंद करून झिपच्या पिशवीत. चालू करण्याआधी नळीच्या फटीवर फुंकणी. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते.

घरी

फोटो त्याच दिवशी बघा, पण मोबाइलवर नको. मोठ्या स्क्रीनवर पूर्ण मोठा करून डोळा किंवा थेंबाची कड स्वच्छ आहे का एवढंच पाहा. नसेल तर पुसा. दोनशेतले दहा उरले तर सकाळ चांगली गेली. कड कापायला घाबरू नका. बारा मेगापिक्सेलच्या फोटोचा निम्मा भाग कापला तरी वहीएवढी प्रिंट बरी निघते. धार वाढवायची पट्टी मात्र फार सरकवू नका, छोट्या सेन्सरचे दाणे किड्याच्या पंखावर वाळूसारखे दिसायला लागतात.

फाइलच्या नावात तारीख, जागा आणि झाड लिहा: 'हिप्परगा, करडई, सकाळी ७.४०'. किड्याचं नाव नंतर सापडतं. कोणत्या झाडावर होता हे विसरलं तर कधीच सापडत नाही.

आणि मोसम संपला की ज्वारीची पिशवी उसवून रिकामी करा. मी गेल्या वर्षी तशीच कपाटात ठेवली. मार्चमध्ये आईनं उघडली तेव्हा तिच्यात इतके पोरकिडे होते की मॅक्रो मोड लावून बसलो.